एका खापरातले रोम

बंडगार्डनचा पूल ओलांडून येरवड्यात शिरले की बाहेरगावच्या माणसाला पहिल्यांदा आठवतो तो तुरुंग. गांधीजींचा उपवास, 1932चा पुणे करार, ही येरवड्याची देशाला असलेली ओळख. पण याच येरवड्यात, झाडीतल्या एका करड्या दगडाच्या गॉथिक इमारतीच्या आवारात, ऐंशीहून अधिक वर्षे एक वेगळेच काम शांतपणे चालले आहे. जमिनीतून निघालेली खापरे आणायची, धुवायची, सावलीत वाळवायची, प्रत्येकावर शाईने गावाचे नाव आणि थराचा क्रमांक घालायचा आणि मग ती बोलू लागेपर्यंत त्यांच्यापाशी बसायचे. हे डेक्कन कॉलेज. 1821 साली विश्रामबागवाड्यात, पेशवाईतल्या दक्षिणेच्या निधीतून, संस्कृत पाठशाळा म्हणून ते सुरू झाले. येरवड्यात आल्यावर टिळक-आगरकर इथे शिकले, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी इथे शिकवले. 1939 साली संशोधन संस्था म्हणून ते नव्याने उघडले, त्याच वर्षी हसमुख धीरजलाल सांकलिया इथे पुरातत्त्व शिकवायला आले.

रोमवरचे प्रकरण मी येरवड्यातून सुरू करतो आहे, कारण रोम आपल्याकडे नेहमी वरून येतो. सीझर, ऑगस्टस, नीरो. संगमरवरी पुतळे, विजययात्रा, कट आणि खून. सगळे खरे आहे. पण एवढ्यावरून रोम हे दूर कुठेतरी घडलेले नाटक वाटते आणि आपण प्रेक्षकांत बसलेले राहतो. खापराच्या बाजूने पाहिले की जाणवते, त्या नाटकाचा एक अंक कल्याण, जुन्नर, नेवासे, पैठण, तेर या रस्त्यावरही चालू होता.

1954 ते 1956 या काळात सांकलियांनी शां. भा. देव आणि इतर सहकाऱ्यांसह प्रवरेकाठच्या नेवाशाला, लाडमोड टेकाडावर, उत्खनन केले. नेवासे म्हटले की आपल्याला ज्ञानेश्वर आठवतात. त्यांच्याही हजार-बाराशे वर्षे आधीच्या, सातवाहनकाळच्या थरांत तिथे स्थानिक भांड्यांच्या ढिगात काही परकी खापरे निघाली. ती होती अँफोराची, म्हणजे भूमध्य समुद्राकाठी मद्य, तेल आणि माशांचे आंबवण भरून पाठवायच्या रांजणाची.

असे खापर हातात घेतले की पहिल्यांदा जाणवते ती त्याची जाडी. आपल्या मडक्याचा काठ नखाएवढा, याचा अंगठ्याएवढा. अँफोराला अरुंद गळा, दोन बाजूंना दोन उभे कान आणि खाली निमुळता टोकदार बूड असते. टोकदार बुडाचे भांडे जमिनीवर उभे राहत नाही, पण जहाजाच्या पोटात एका थराच्या फटींत दुसऱ्या थराची टोके बसतात आणि वादळातही रांजण हलत नाहीत. ओतताना तेच टोक हाताला धरायला मिळते. एकात साधारण पंचवीस लिटर मद्य मावे. आतून राळेचा लेप दिलेला असे, नाहीतर मद्य मातीत झिरपून जाईल.

आता खापराची मोडलेली कड भिंगाखाली धरा. भारतात सापडलेल्या काही अँफोरांच्या मातीत बारीक, चकचकीत काळे कण दिसतात. हे कण नेपल्सच्या आखाताभोवतालच्या ज्वालामुखी वाळूचे. कँपानियातले कुंभार माती मळताना ती वाळू मिसळत. म्हणजे ज्या व्हेसुव्हिअसने इ.स. 79 साली पाँपेई गाडली, त्याच्या पायथ्याची वाळू भारताच्या मातीत येऊन पडली आहे. आपले दख्खनचे पठारही ज्वालामुखीचेच. तरी दोन्ही मातींचे कण जाणत्या नजरेला वेगळे दिसतात, आणि त्या फरकावर या विद्येचा सगळा डोलारा उभा आहे.

डोलारा म्हटले तर सावधगिरीही हवी. एके काळी जाड, परके, राळ लावलेले खापर दिसले की त्याला 'रोमन' म्हणून मोकळे होत. रॉबर्टा टोंबर या संशोधिकेने भारतातल्या संग्रहांमधली अशी खापरे पुन्हा तपासली तेव्हा त्यांतली बरीच रोमन नसून इराकच्या बाजूची निघाली. ते बिनकानाचे, लांबट रांजण होते आणि पुष्कळसे नंतरच्या काळातले. रोमच्या मोठ्या नावाने झाकलेला इराणी आखाताचा व्यापार त्यामुळे उजेडात आला. अभ्यासक आपलीच पाटी पुसून पुन्हा लिहितात, याचा मला फार आदर वाटतो.

तर हे मद्य दख्खनपर्यंत आले कसे? त्यासाठी रोमच्या राजकारणात डोकवावे लागते.

रोमला राजा ही कल्पना सोसत नसे. राजांना हाकलून त्यांनी प्रजासत्ताक उभारले होते. दरवर्षी दोन कॉन्सल निवडायचे, एकाने दुसऱ्याला आवर घालायचा आणि घरंदाज मंडळींच्या सिनेटने सल्ला द्यायचा. साम्राज्य वाढले तशी ही व्यवस्था सेनापतींच्या ओझ्याखाली मोडली. ज्युलिअस सीझर राजा होऊ पाहतो या संशयाने इ.स.पू. 44च्या 15 मार्चला सिनेटरांनीच त्याला भोसकले. त्याचा दत्तक वारस ऑक्टेव्हियन अधिक शहाणा निघाला. इ.स.पू. 31 मध्ये अॅक्टियमच्या आरमारी लढाईत त्याने अँटनी आणि क्लिओपात्रा यांना हरवले, पुढच्या वर्षी इजिप्त ताब्यात घेतला आणि इ.स.पू. 27 मध्ये 'ऑगस्टस' ही पदवी सिनेटच्या हातून स्वीकारली. सिनेट तशीच राहिली, कॉन्सलही निवडले जात राहिले. फौज, तिजोरी आणि शेवटचा शब्द मात्र एकाच माणसाकडे आला.

पुणेकरांना हे समजायला जड जाऊ नये. अठराव्या शतकात गादी साताऱ्याला होती, पेशवाईची वस्त्रे तिथूनच येत आणि कारभार शनिवारवाड्यातून चाले. फरक एवढा की पेशव्यांच्या डोक्यावर खरोखरचा छत्रपती होता. ऑगस्टसच्या डोक्यावर होती ती फक्त प्रजासत्ताकाची आठवण. ती आठवण त्याने जपून वापरली, म्हणून तो बिछान्यात मेला आणि सीझर सभेत.

आपल्या दृष्टीने यातली सगळ्यात महत्त्वाची घटना म्हणजे इजिप्तचा ताबा. ऑगस्टसने इजिप्त सिनेटच्या हाती दिला नाही, आपल्या खास देखरेखीखाली ठेवला. त्याच्या परवानगीवाचून सिनेटरला तिथे पाऊल टाकता येत नसे. एक कारण गहू. रोमचे पोट नाईलवर अवलंबून होते. दुसरे कारण तांबडा समुद्र. तिथली मायोस होर्मोस आणि बेरेनिके ही बंदरे हातात आली आणि भारताकडे जाणारा दरवाजा उघडला. स्ट्रेबो हा भूगोलकार ऑगस्टसच्या सुभेदाराबरोबर इजिप्तमध्ये फिरला होता. तो लिहितो की पूर्वीच्या टॉलेमी राजांच्या काळात वर्षाला वीस जहाजेसुद्धा तांबड्या समुद्रापलीकडे जायला धजत नसत, आता एकट्या मायोस होर्मोसहून एकशेवीस निघतात. आषाढाच्या सुमारास निघायचे, नैर्ऋत्येचा वारा शिडात घ्यायचा आणि पावसाळा ओसरताना भारताच्या किनाऱ्याला लागायचे. वारा उलटला की मार्गशीर्ष-पौषात परत.

परतलेल्या मालावर इजिप्तच्या सीमेवर पंचवीस टक्के जकात होती. ग्रीकमध्ये तिचे नावच 'चौथा हिस्सा' असे होते. मराठी कानाला चौथाई आठवल्यावाचून राहत नाही, जरी दोन्हींची जात वेगळी. व्हिएन्नाला जपलेल्या, दुसऱ्या शतकातल्या एका पपायरसवर 'हर्मापोलोन' नावाच्या जहाजाचा हिशेब आहे. ते केरळच्या मुझिरिसहून आले होते आणि त्यातल्या मालाची किंमत सत्तर लाख सेस्टर्सच्या आसपास भरते. पहिल्या शतकात बहुतेक काळ रोमन शिपायाचा वर्षाचा पगार नऊशे सेस्टर्स होता.

म्हणून प्लिनी या रोमन लेखकाचे गाऱ्हाणे नीट वाचावे लागते. इ.स. 77च्या सुमारास त्याने लिहिले की भारत दरसाल साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स गिळतो आणि तोच माल रोममध्ये शंभरपट किमतीला विकला जातो. पाच कोटी म्हणजे पंचावन्न हजार शिपायांचा वर्षाचा पगार, सुमारे अकरा लीजनची, म्हणजे रोमन पलटणींची, बेगमी. त्याच्या आधी इ.स. 22 मध्ये बादशहा टायबेरिअसनेही सिनेटला लिहिलेल्या पत्रात बायकांच्या रत्नांपायी आपला पैसा परक्यांकडे जातो, अशी तक्रार केली होती. पण उधळपट्टीला आळा घालणारे कायदे करायला तो राजी नव्हता. का, ते जकातीचा आकडा सांगतो. प्रत्येक जहाजामागे चौथा हिस्सा बादशहाच्या तिजोरीत जात होता. सिनेटमध्ये साधेपणाची भाषणे आणि नाक्यावर चौथाईची वसुली या दोन्ही गोष्टी एकाच राजवटीत सुखाने नांदत होत्या.

आता समुद्राच्या अलीकडे येऊ. इथले राजकारण तितकेच तापलेले होते, आणि त्याची सर्वांत जिवंत नोंद एका अनाम ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने करून ठेवली आहे. पहिल्या शतकाच्या मध्याला त्याने लिहिलेली 'पेरिप्लस' ही छोटी पुस्तिका म्हणजे व्यापाऱ्याची वही आहे. कुठल्या बंदरात काय विकते, काय मिळते, कुठे खडक, कुठे लुटारू. भडोच तेव्हाचे मोठे बंदर. तिथून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातले तेर, हे तो नेमके सांगतो. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तगरहून जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांत भरून, वाट नसलेल्या मुलखातून भडोचला जाते, असे तो लिहितो. गाड्यांची ती कुरकुर अजून कानावर येते.

भडोचला येणाऱ्या मालाच्या यादीत इटलीचे मद्य पहिले. मग तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच, सुरमा आणि फायद्यात बदलता येणारी सोन्याचांदीची रोमन नाणी. राजासाठी वेगळी यादी आहे: चांदीची मौल्यवान भांडी, गाणारी मुले, जनानखान्यासाठी देखण्या मुली आणि उंची मद्य. व्यापारी हे एका ओळीत, भांड्यांच्या आणि मद्याच्या मध्ये लिहून पुढे जातो. त्या ओळीवर मी दर वेळी थांबतो. रोमचे वैभव गुलामांच्या पाठीवर उभे होते हे आपण पुस्तकात वाचतो. इथे ती माणसे आपल्याच किनाऱ्यावर उतरताना दिसतात आणि ती विकत घेणारे हात आपल्या बाजूचे आहेत. त्यांची नावे कुणी लिहिली नाहीत.

याच पुस्तिकेत कल्याणचा उल्लेख आहे. थोरल्या सातकर्णीच्या काळी, व्यापारी सांगतो, कल्याण हे रीतसर खुले बंदर होते. पुढे सांदनेस नावाच्या सत्ताधीशाकडे ते गेल्यावर फार अडवणूक होऊ लागली. एखादे ग्रीक जहाज चुकून तिथे लागले, तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेतात. दोन वाक्यांची नोंद आहे, पण तिच्यामागे सह्याद्रीच्या घाटांसाठी चाललेले अख्खे युद्ध आहे. पैठणचे सातवाहन एका बाजूला, भडोच ताब्यात असलेले क्षहरात क्षत्रप दुसऱ्या बाजूला. कल्याणहून नाणेघाटाने चढून जुन्नर, पुढे नेवासे आणि पैठण हा सातवाहनांचा हमरस्ता. त्या घाटातला दगडी रांजण जकातीचा म्हणून लोक अजून दाखवतात. रोमची जहाजे भडोचला वळवली की तो रांजण रिकामा राहणार. शत्रूचा कोट न पाडता त्याचा बाजार उठवण्याची ही रीत आपल्याकडे इतकी जुनी आहे.

पेरिप्लसमधला राजा मांबानोस किंवा नांबानोस म्हणजे नहपान क्षत्रप, असे अभ्यासक मानतात. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर त्याचा चेहरा आहे आणि भोवती ग्रीक अक्षरांत, पण प्राकृत शब्दांत, त्याचे नाव. दुसऱ्या बाजूला ब्राह्मी आणि खरोष्ठी. तीन लिप्यांचे हे नाणे म्हणजे त्या बाजाराचा आरसाच. त्याच्या जावयाचा, उषवदाताचा, लेख नाशिकच्या लेण्यात आहे. त्यात दोन हजार सुवर्ण म्हणजे सत्तर हजार कार्षापण, एकास पस्तीस, असा हिशेब दगडावर कोरला आहे. चांदी कुठून आली? रोमन नाण्यांचे मोठे साठे कोइंबतूरच्या बाजूला सापडतात, महाराष्ट्रात ती तुरळक. आपल्याकडे आलेली रोमन चांदी क्षत्रपांच्या टांकसाळीत वितळली असावी, हे त्याचे मला सर्वांत पटणारे उत्तर.

1906 साली नाशिकजवळ जोगळटेंभी इथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा एक साठा सापडला, तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला होता. नहपानाच्या गालावर सातवाहनांचा तीन कमानींचा डोंगर, पाठीवर उज्जैनी चिन्ह. गौतमीपुत्राने क्षहरातांचे निर्मूलन केले हे त्याची आई बलश्री नाशिकच्या लेखात अभिमानाने सांगते. पण ती ठोकलेली नाणी पाहिली की विजय म्हणजे काय ते अधिक कळते. चांदी तीच आणि बाजारही तोच. त्या चांदीवरचा धनी तेवढा बदलला. दुसऱ्या शतकाच्या मध्याला अलेक्झांड्रियात बसून भूगोल लिहिणाऱ्या टॉलेमीपर्यंतही ही बातमी पोचली होती. पैठणला सातवाहनांचा सिरी पुळुमावी राज्य करतो, हे त्याने ग्रीक उच्चारात नोंदवून ठेवले आहे.

हे सगळे राजांचे झाले. बंदर उघडल्या-मिटल्यावरही वाटेवर चालत राहिली ती साधी माणसे, आणि त्यांच्या खुणा पुण्याहून एका दिवसात जाऊन येण्याच्या टप्प्यात आहेत. कार्ल्याच्या चैत्यात खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची नावे दाते म्हणून आहेत. जुन्नरभोवतीच्या लेण्यांत तीन यवन भेटतात: इरिल, चिट आणि चंद. इरिलाने भिक्षूंना पाण्याची दोन टाकी खोदून दिली, चिटाने भोजनमंडप, चंदाने गर्भद्वार. यवन म्हणजे मुळात ग्रीक, पुढे पश्चिमेकडून आलेला कुणीही. रोमच्या बादशहाची प्रजा म्हणून आपल्याकडे आलेले बहुतेक जण इजिप्तमधले ग्रीक बोलणारेच असणार. लॅटिन बोलणारा रोमन नागरिक त्यांत विरळा. या तिघांपैकी कोण पिढ्यान्‌पिढ्या इथेच रुजलेला आणि कोण जहाजातून उतरलेला, ते दगड सांगत नाही. पण त्यांनी आपले दान प्राकृतात कोरून घेतले आणि उन्हातान्हात घाट चढणाऱ्यांना सर्वांत आधी काय लागते ते इरिलाने बरोबर ओळखले होते.

येरवड्याच्या माणसांची रोमशी पहिली मोठी गाठ मात्र नेवाशाच्या आधी, कोल्हापूरला पडली होती. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडावर 1944-45च्या सुमारास प्रा. कुंदणगार यांना कांस्यवस्तूंचा एक साठा मिळाला. पुढच्या वर्षी सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. त्या साठ्यातल्या बऱ्याच वस्तू स्थानिक होत्या, पण आरसा, सुरई अशा काही रोमन घडणीच्या. त्यांत एक छोटी मूर्ती: दाढीवाला, उघड्या अंगाचा, पीळदार देहाचा समुद्रदेव पोसायडन. त्याचे त्रिशूळ हरवले आहे. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात तो आहे. समुद्राचा देव सह्याद्री ओलांडून इतक्या आत कसा आला? कुणी भेट दिला, कुणा हौशी श्रीमंताने घेतला, की तांबटाने मोडीत घेतला? मला हौशी श्रीमंताचा तर्क अधिक भावतो, कारण सोबत आरसा आणि सुरई आहे. परदेशी वस्तू दिवाणखान्यात मांडायची आवड कोल्हापुरात तेव्हाही असणार. घरात देव म्हणून त्याला कुणी फूल वाहिले असेल का, हा प्रश्न मात्र मनातून जात नाही.

याची उलट बाजूही आहे. पाँपेईत 1938 साली राखेखालून एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली, वीतभराहून थोडी उंच, अंगभर दागिने ल्यालेली, शेजारी दोन दासी. तिच्यासारखे हस्तिदंती काम जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि तेरला सापडले आहे. तेरच्या लामतुरे संग्रहालयात उभे राहून तिथली छोटी हस्तिदंती बाई पाहावी आणि मग नेपल्सच्या संग्रहालयातल्या तिच्या बहिणीचा फोटो पाहावा.

आणि तांबड्या समुद्राच्या काठी बेरेनिके. आता तिथे ओसाड वाळू आहे. एका देवळाच्या जमिनीत पुरलेल्या भारतीय रांजणात साडेसात किलो काळी मिरी मिळाली. पडक्या भिंतींत सागवानाच्या तुळया मिळाल्या, जुनी जहाजे मोडून वापरलेल्या. भूमध्यसागरी दगडात घडवलेली बुद्धमूर्ती मिळाली, आणि रोमन बादशहा फिलिप याच्या कारकिर्दीतला, तिसऱ्या शतकाच्या मध्याचा, संस्कृत लेखही. या बुद्धाची बातमी 2023 साली जाहीर झाली तेव्हा तिच्या शेपटाला एक छोटी नोंद होती: तिथेच दुसऱ्या शतकातली सातवाहनांची दोन नाणी सापडली आहेत. इजिप्तच्या बाजारात त्यांना कुणी विचारले नसते. कोणीतरी ती कनवटीला लावून तिथवर गेला होता आणि आषाढातल्या वाऱ्याची वाट पाहत होता.